मदत हवी आहे: जुनी शिक्षा असेल तर बस चालवायला मिळते का?

घाईत_आहे: मोठ्या भावाचं बस ड्रायव्हरच्या नोकरीचं सगळं झालंय, ट्रायलपण पास, आता परवा पोलीस व्हेरिफिकेशन आहे आणि जुनी केस आहे. नोकरी जाईल का? प्लीज लवकर सांगा, लेक्चर नको.

मागचा_गिअर: नुसती केस, की शिक्षा झाली? सुटला असेल तर प्रश्नच वेगळा. गुन्हा कुठला, किती वर्षं झाली, बस शाळेची का साधी, काहीच लिहिलं नाहीस आणि वर लेक्चर नको.

घाईत_आहे: सहा महिने शिक्षा झाली होती. साधी बस. खूप जुनं आहे हो ते.

खिडकीपाशी: स्पष्टच सांगते, माझी मुलं रोज बसने जातात. शिक्षा झालेला माणूस स्टिअरिंगवर नको.

टपावरचा: मग त्याने जन्मभर काय करायचं ताई? चेक बाउन्स केलेला माणूस वळणावर बस उलटी करतो का? पिऊन चालवली असेल किंवा लहान मुलांशी काही केलं असेल तर मीपण नाहीच म्हणेन, पण बस चालवायला डोळे, ब्रेकवरचा पाय आणि थंड डोकं लागतं, बस.

खिडकीपाशी: थंड डोकं ना? मग मारामारीवाला चालेल?

कायद्याचा_किडा: अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सेप्टाची, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बस-रेल्वे सेवेची, केस वाचा. दिव्यांगांची ने-आण करणारा ड्रायव्हर, १५ व्या वर्षी खुनात शिक्षा झालेली, ४० वर्षांनी त्यावरून नोकरी गेली आणि २००७ मध्ये अपिलातपण हरला. गंमत म्हणजे कोर्टाला सेप्टाचं धोरण फारसं पटलं नव्हतं, याच्या बाजूने तज्ज्ञाचा पुरावाच नव्हता म्हणून हरला. उलट ब्रिटनमध्ये १९७४ चा कायदा आहे, ठरावीक वर्षं सरळ गेली की बऱ्याच शिक्षा बऱ्याच नोकऱ्यांसाठी सांगाव्या लागत नाहीत.

मागचा_गिअर: अरे फिलाडेल्फियाला पोचलात, इथे गुन्हा अजून कळला नाहीये.

घाईत_आहे: मारामारीच. अकरा वर्षं झाली, नंतर साधा दंडपण नाही. पण प्रश्न तो नाहीये, फॉर्म आधीच गेलाय आणि त्यात ‘शिक्षा झाली आहे का’ पुढे त्याने ‘नाही’ लिहिलंय.

मागचा_गिअर: हे पहिल्या ओळीत लिहायचं ना रे! जुनी मारामारी एखादा साहेब समजून घेईल, खोटं लिहिलेलं सापडलं की विषय संपला. त्यांना कळायच्या आत उद्या सकाळीच स्वतःहून लेखी कळवा, निकालाची प्रत जोडा, आधी जिथे गाडी चालवली त्या मालकाचं पत्र जोडा.

टपावरचा: कशाला? अकरा वर्षांपूर्वीचं कोण उकरतंय.

मागचा_गिअर: व्हेरिफिकेशन त्यासाठीच असतं.

निवांत: डोळेपण तपासून घ्या, माझ्या मेहुण्याला रंग ओळखता येत नाहीत म्हणून नाकारलं.

घाईत_आहे: डोळे ठीक आहेत. लेखी म्हणजे मेल चालेल का हातानेच नेऊन द्यायचं?