न्यू यॉर्क मॅरेथॉन : थंडीची तयारी पुण्यात राहून कशी करावी?

पाषाणचा_पळणारा

नमस्कार. 1 नोव्हेंबर 2026 रोजी होणाऱ्या न्यू यॉर्क सिटी मॅरेथॉनमध्ये मला प्रवेश मिळाला आहे. माझे वय 47 असून गेली सहा वर्षे मी पुण्यात नियमित पळतो. मुंबईची पूर्ण मॅरेथॉन तीन वेळा केली आहे आणि त्यांतली सर्वांत चांगली वेळ 4 तास 38 मिनिटे आहे. पल्ल्याची धास्ती आता फारशी वाटत नाही. धास्ती आहे ती थंडीची. आजवरचे माझे सगळे पळणे घामाघूम होण्याचे आहे. डिसेंबरातल्या एका पहाटे पुण्यात 12 अंशांत 21 किलोमीटर पळालो होतो, तेव्हाही पहिले तीन किलोमीटर बोटे बधिर होती.

अडचण अशी की सरावाचे महत्त्वाचे महिने, म्हणजे जुलै ते ऑक्टोबर, इथे पावसाचे आणि त्यानंतर ऑक्टोबरच्या उकाड्याचे आहेत. 32 किलोमीटरची सर्वांत लांब धाव गणपतीनंतरच्या रविवारी ठरवली आहे, आणि त्या काळात थंड हवा मिळण्याची काहीच शक्यता नाही. मग शरीराला थंडीची सवय कशी लावावी? पळताना अंगावर किती थर असावेत? आतून थर्मल घालावे काय?

दुसरी गोष्ट म्हणजे मी एकटा जाणार नाही. पत्नी आणि 72 वर्षांची आई सोबत आहेत. गुरुवारी रात्री पोहोचून मंगळवारी परत निघायचे आहे, कारण 8 तारखेला लक्ष्मीपूजन आहे. शुक्रवार आणि शनिवार या दोन दिवसांत दोघींनाही शहर पाहायचे आहे. हे सगळे एका शनिवार-रविवारच्या भोवती कसे बसवावे, याबाबत अनुभवींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

हडसनकाठ

अभिनंदन. मी न्यू जर्सीत राहतो आणि ही शर्यत दोन वेळा पळालो आहे. आपल्या प्रश्नाचा रोख पळतानाच्या थंडीवर आहे, परंतु माझ्या अनुभवात या शर्यतीतली थंडी पळताना वाजतच नाही. ती आधी थांबताना वाजते आणि नंतर चालताना वाजते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात इथे पहाटे साधारण 7-8 अंश आणि दुपारी 14-15 अंश तापमान असते. एकदा लय लागली की मॅरेथॉन पळायला याहून चांगली हवा मिळणार नाही, आणि पुण्यामुंबईच्या दमट हवेत पळणाऱ्याला तर आपले पाय कोणीतरी बदलून दिले आहेत की काय, असे वाटते.

खरी परीक्षा स्टेटन आयलंडवर असते. शर्यत तिथून, व्हेराझानो-नॅरोज पुलाच्या तोंडाशी सुरू होते, आणि सगळ्यांना फेरीबोटीने किंवा बसने पहाटेच तिथे पोहोचवले जाते. गेल्या काही वर्षांत पहिली तुकडी सकाळी 9:10 च्या सुमारास आणि शेवटची 11:30 च्या सुमारास सुटत आली आहे. आपल्या वेळेचा धावपटू बहुधा मागच्या तुकड्यांत असतो, म्हणजे उघड्या मैदानावर, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात, दोन ते तीन तास बसून राहणे आले. पहिल्या वर्षी मी पातळ जॅकेट घालून दिमाखात गेलो आणि ओल्या गवतावर बसलो. सुटायची वेळ झाली तेव्हा दात वाजत होते आणि पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या.

दुसऱ्या वर्षी शहाणपण आले. टाकून देण्याचे कपडे हा या शर्यतीतला स्वतंत्र विषय आहे. जुना जाड स्वेटर, सैल पायजमा, कानटोपी, लोकरीचे मोजे, असे सगळे पळण्याच्या कपड्यांवर चढवून जायचे आणि सुटण्यापूर्वी तिथेच ठेवलेल्या खोक्यांत टाकायचे. ते कपडे गुडविल ही संस्था गोळा करते, त्यामुळे वाया जात नाहीत. पायजमा असा हवा की बूट न काढता उतरवता येईल. बसायला प्लास्टिकचा एखादा तुकडा, आणि पाऊस असेल तर डोक्यासाठी व हातांसाठी भोके पाडलेली कचऱ्याची मोठी पिशवी न्यावी. बूट ओले होऊ नयेत म्हणून मी त्यांवरही पिशव्या बांधल्या होत्या. दिसायला ध्यान दिसते, पण तिथे सगळेच तसे असतात. सामान मात्र आयोजकांनी दिलेल्या पारदर्शक पिशवीतूनच न्यावे लागते, आणि पाठीवरच्या पाण्याच्या पिशव्या चालत नाहीत. मनाई असलेल्या वस्तूंची यादी आधी वाचून घ्यावी.

पळतानाच्या कपड्यांसाठी सोपा ठोकताळा असा की हवा आहे त्यापेक्षा आठ-दहा अंशांनी गरम आहे, असे समजून कपडे घालावेत. आपल्यासाठी अर्ध्या बाह्यांचा नेहमीचा टीशर्ट, हातांवर काढता-घालता येणारे स्लीव्ह, पातळ हातमोजे आणि नेहमीची चड्डी पुरेल. थर्मल अजिबात नको. माझ्या एका मित्राने आतून पूर्ण बाह्यांचे थर्मल घातले. ब्रुकलिनमध्येच तो घामाने भिजला, आणि मग तेच ओले कापड पुढे वाऱ्यात अंगाला चिकटून गार पडत राहिले. ते काढायचे तर रस्त्यात उघडे व्हावे लागले असते. शिवाय इथली हवा लहरी आहे. 2022 साली याच शर्यतीच्या दिवशी पारा 20 अंशांच्या बराच वर गेला होता, आणि थंडीच्या तयारीने आलेले कित्येक जण उन्हाने हैराण झाले. म्हणून दोन्ही प्रकारचे कपडे आणावेत आणि निर्णय शनिवारी रात्री घ्यावा.

आता पुण्यातल्या सरावाबद्दल. थंडीची सवय लावण्याच्या फंदात पडू नये. एसीच्या खोलीत ट्रेडमिल लावून काही साधत नाही. आपल्याला सवय लावायची आहे ती वेळेची. आपण भारतात पहाटे साडेपाचला पळतो. इथे आपण अकराच्या सुमारास सुटाल, तेव्हा उठून सहा-सात तास झालेले असतील. न्याहारी किती वाजता, दुसरा घास किती वाजता, शौचाला केव्हा, हे सगळे कोलमडते. ऑक्टोबरमध्ये दोन-तीन रविवारी पहाटे उठून, खाऊन, मग नऊ-दहा वाजता मध्यम पल्ला पळून पाहावा. ऊन लागेल, वेग पडेल, पण पोटाचे गणित समजेल. आणि चढ सोडू नयेत: पाच पूल आहेत, पहिला मैल सरळ चढाचा आहे, आणि 23 व्या मैलाच्या आसपास फिफ्थ ॲव्हेन्यूचा जो लांबलचक चढ लागतो, तो नकाशावर दिसत नाही, पण मांड्यांना बरोबर कळतो. बाणेरची टेकडी आपल्या घराजवळच आहे.

नाशिकची_डॉक्टर

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. वैद्यकीय बाजूच्या काही गोष्टी जोडते. मी स्वतः पळते आणि शर्यतींच्या वैद्यकीय तंबूतही काम केले आहे.

उष्ण हवेत पळणाऱ्यांना दर अर्ध्या तासाला पाणी आणि मिठाची गोळी घेण्याची सवय असते. ती सवय थंडीत जशीच्या तशी नेणे धोक्याचे ठरू शकते. घाम कमी जातो, पण पाण्याचा पेला दर मैलावर समोर येतो, आणि हात आपोआप पुढे होतो. गरजेपेक्षा जास्त पाणी पोटात गेले तर रक्तातील सोडियम पातळ होऊन मळमळ, डोकेदुखी आणि क्वचित त्याहून गंभीर त्रास होतो, आणि चार-पाच तास पळणारे, म्हणजे आपल्यासारखेच लोक, त्यात अधिक सापडतात. तहान लागेल तसे घोट घोट प्यावे. उलट थंडीत लघवीची भावना वारंवार होते, कारण कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसून रक्त आत वळते आणि मूत्रपिंडे जादा पाणी बाहेर टाकतात. सुटण्यापूर्वी पाचव्यांदा जावे लागले तर घाबरू नये.

थंड, कोरड्या हवेने काहींच्या श्वासनलिका आकुंचन पावतात. आपल्याला कधीही दम्याचा, धुळीच्या ॲलर्जीचा किंवा पळाल्यावर खोकल्याची ढास लागण्याचा त्रास झाला असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून पंप सोबत ठेवावा. नाक-तोंडावर पातळ कापडी पट्टी ओढली, तर पहिल्या काही किलोमीटरांत बराच फरक पडतो. गुडघा दुखतो म्हणून शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. तसे करू नये. पाणी कमी पडलेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात.

सर्वांत नाजूक वेळ म्हणजे अंतिम रेषेनंतरचा अर्धा तास. पळणे थांबताच स्नायूंतून उष्णता निर्माण होणे एकदम घटते, कपडे ओले असतात, आणि सेंट्रल पार्कमधून बाहेर पडायला बरेच चालावे लागते. पाऊस असेल तर ही बाब फार गंभीर होते. 2018 ची बॉस्टन मॅरेथॉन आठवा: सुटतानाच सुमारे 4 अंश, मुसळधार पाऊस आणि समोरचा वारा. त्या दिवशी कित्येक नामवंत धावपटूंनी शर्यत सोडली, आणि जिंकला तो जपानचा युकी कावाउची, जो तेव्हा सरकारी नोकरी सांभाळून पळत असे. हुडहुडी थांबत नसेल, बोलताना जीभ अडखळत असेल, तर खोलीवर जाऊ म्हणून चालत राहू नये. सरळ वैद्यकीय तंबूत जावे.

पाषाणचा_पळणारा

दोघांचेही मनापासून आभार. थर्मल रद्द केले. एक शंका राहिली: 11 ऑक्टोबरला घटस्थापना आहे आणि मी नऊ दिवस उपास करतो. तेव्हा शर्यतीला तीनच आठवडे उरलेले असतील. उपास आणि टेपर, म्हणजे शर्यतीआधी पल्ला हळूहळू कमी करणे, एकत्र चालेल काय?

नाशिकची_डॉक्टर

पल्ला कमी होत असल्याने चालू शकेल, परंतु उपास म्हणजे उपाशी राहणे नव्हे, हे पाळावे. राजगिरा, रताळी, वरई, दूध, दही आणि दाणे यांतून ऊर्जा मिळते. निर्जळी किंवा एकभुक्त राहणार असाल, तर या वर्षी देवीची माफी मागावी.

सोबत_गेलेली

मी पळत नाही. माझे यजमान 2023 साली ही शर्यत पळाले आणि मी त्यांच्यासोबत होते, म्हणून आपल्या पत्नी व आईच्या बाजूने लिहिते, कारण त्या बाजूने कोणी लिहीत नाही.

पळणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याला थंडी जास्त लागते. तो हलत असतो. आपण फर्स्ट ॲव्हेन्यूच्या कडेला दीड-दोन तास एका जागी उभे असतो, आणि तो समोरून दहा सेकंदांत निघून जातो. मी पुण्याहून शाल आणि स्वेटर नेला होता. वाऱ्यापुढे लोकरीची शाल काही कामाची नाही, वारा अडवणारे जॅकेट लागते. आईंना दोन ठिकाणी उभे करण्याचा बेत करू नये. फर्स्ट ॲव्हेन्यूवर एखादी उपाहारगृहाची खिडकीजवळची जागा आधी हेरून ठेवावी, आयोजकांच्या ॲपवर आपण कुठे पोहोचलात ते पाहत राहावे, आणि आपण जवळ आलात की पाच मिनिटे बाहेर यावे. शेवटी भेटण्याची जागा मात्र आधीच ठरवून ठेवावी, आणि ती कागदावर लिहून तिघांच्याही खिशात ठेवावी. आमच्या वेळी थंडीने फोनची बॅटरी झपाट्याने उतरली, आणि आम्ही एकमेकांपासून दोन चौक अंतरावर पाऊण तास शोधाशोध करत होतो. पत्नीने कोरडा शर्ट, जाड जॅकेट, चपला आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा नेला, तर पदकापेक्षा त्याचे अप्रूप वाटेल.

शहर पाहण्याबद्दल: शुक्रवारी सकाळीच जेव्हिट्स सेंटरला जाऊन बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, घ्यावा. तो आपल्यालाच ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो, आणि शनिवारी तिथे फार गर्दी होते. उरलेला शुक्रवार तिघांनी फिरावे. शनिवारी दोघींना जाऊ द्यावे आणि आपण पाय वर करून झोपावे. स्वातंत्र्यदेवता पाहायची राहिली म्हणून हळहळू नये. फेरीबोटीची निवड केली असेल, तर रविवारी पहाटे ती आपल्याला बोटीतूनच दिसेल, आणि सोमवारी त्याच बोटीने आईंना फुकट दाखवता येईल. शनिवारच्या रात्रीचा भात-वरण लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर 28 व्या रस्त्याच्या आसपास मिळतो. तिखट मागवू नये, एवढे मी पळत नसूनही सांगू शकते.

आणखी एक. त्याच रात्री दोन वाजता इथली घड्याळे एक तास मागे जातात. फोन आपोआप बदलतो, खोलीतले घड्याळ बदलेलच असे नाही. यजमान दोन्ही घड्याळांकडे बघत रात्रभर जागे होते.

पाषाणचा_पळणारा

आपल्या प्रतिसादाने घरात मोठी खळबळ उडाली आहे. आईने जॅकेटची खरेदी आजच करायची असे जाहीर केले. टाकून देण्यासाठी माझा कॉलेजातला मरून स्वेटर काढला आहे, जो पत्नी गेली पंधरा वर्षे बोहारणीला देऊ पाहत होती. त्यासोबत हातमोजेही सुटतानाच टाकावेत काय?

हडसनकाठ

स्वेटर खुशाल टाकावा. हातमोजे मात्र ठेवावेत, गरम झाले तर कमरेच्या पट्ट्यात खोचावेत. पंधराव्या मैलानंतर क्वीन्सबरो पूल लागतो. तिथे ना प्रेक्षक, ना ऊन, आणि ईस्ट नदीवरचा वारा कडेने येतो. त्या चढावर जेलची (पळताना ऊर्जेसाठी चोखायच्या गोड पाकाची) पुडी फोडायला बोटे जागेवर असावी लागतात.