मागचे पॅड आधी का संपले?

ब्रेकचे मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपले म्हणजे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जाम झालाय, असं सांगितलं जातं. रस्त्यावरच्या गाडीसाठी मान्य. पण रेस ट्रॅकवर आधी ईएससी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली, चालू होतं का ते विचारा. गाडी वळणात बाहेर सरकू लागली की ही प्रणाली आपल्याला न विचारता आतल्या बाजूचं मागचं चाक ब्रेकने धरते. मागचं टोक निसटायला लागलं तर बाहेरचं पुढचं. तुमचा पाय तेव्हा ॲक्सिलरेटरवर असतो, त्यामुळे इंजिन ओढतंय आणि ब्रेक घासतोय, दोन्ही एकदम.

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किट या रेस ट्रॅकवर माझ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकचं हेच झालं. तो ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे एकूण वळण उजवीकडेच जास्त भरतं. संध्याकाळी चाकं काढली तर मागचं उजवं, म्हणजे आतल्या बाजूचं, पॅड डाव्यापेक्षा स्पष्ट पातळ, डिस्कवर निळसर झाक. कॅलिपरच्या पिना मात्र हाताने सहज सरकत होत्या. दिवसभर वळणावळणाला डॅशबोर्डवरचा ईएससीचा पिवळा दिवा लुकलुकत होता, मी दुर्लक्ष केलं. तो दिवा लागतो तेव्हा पॅड खर्च होत असतं, हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

म्हणून ईएससी बंद करा असं नाही, नवख्याने तर मुळीच नको. स्टिअरिंग कमी वळवा, वळणात थोडं हळू शिरा. दिवा आपोआप कमी लागतो. आणि पॅड मोजताना चारही चाकांचे मोजा.