शब्दचर्चा: टेस्टनेटवरच्या नाण्यांना ‘खोटी नाणी’ म्हणायचं का?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, एका ओपन सोर्स बिटकॉइन वॉलेटचं मराठी भाषांतर चालू आहे, बटणं आणि मेनू बऱ्यापैकी झालेत, गाडी अडलीये ती टेस्टिंगच्या भागात. टेस्टनेटवर, म्हणजे सॉफ्टवेअर वापरून बघायच्या वेगळ्या बिटकॉइन जाळ्यावर, मिळणाऱ्या नाण्यांना एकाने ‘खोटी नाणी’ सुचवलंय, दुसऱ्याला ‘चाचणी-नाणी’ हवंय. आणि टेस्ट, व्हॅलिडेट, रिव्ह्यू या तिन्ही ठिकाणी सध्या सरसकट ‘तपासणी’ पडलंय. चालेल का?

प्रतिसाद:
खोटी नाणी कृपा करून नको. मराठीत खोटं नाणं म्हणजे बनावट, दुकानदार परत करतो ते. टेस्टनेटवरचं नाणं बनावट नसतं, तिथेही मायनिंग होतं (संगणकाने कोडं सोडवून व्यवहारांचा नवा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, साखळीला जोडायचा आणि बक्षीस घ्यायचं), खर्च करायला सही लागते, प्रत्येक नोड, म्हणजे जाळ्यातला प्रत्येक संगणक, व्यवहार नियमाला धरून आहे का ते बघतो, फक्त त्याला किंमत नसावी असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं, पहिल्या टेस्टनेटची नाणी लोक खऱ्या पैशाला विकायला लागले म्हणून ते मोडून नवीन सुरू केलं होतं.

खोटी नाणी म्हणावं असं काही बिटकॉइनमध्ये घडलंय तर ते मेननेटवर, म्हणजे खऱ्या नाण्यांच्या जाळ्यावर, १५ ऑगस्ट २०१० ला. ब्लॉक ७४६३८ मध्ये एका व्यवहाराने १८४ अब्ज बिटकॉइन तयार केले, जिथे एकूण मर्यादाच २.१ कोटी आहे! बेरीज इतकी मोठी झाली की आकडा ठरलेल्या जागेत मावला नाही, उलटून ऋण झाला आणि प्रोग्रामला वाटलं सगळं बरोबर आहे. काही तासांत दुरुस्त आवृत्ती आली, ०.३.१०, आणि तो ब्लॉक असलेली साखळी सोडून द्यावी लागली. आता सांगा, दोन्हीला एकच शब्द कसा वापरणार?

प्रतिसाद:
+१. नवख्या माणसाला तोंडी सांगायचं तर मी ‘कच्चं लिंबू’ म्हणते, सगळ्यांबरोबर खेळतं पण आउट झालं तरी धरत नाहीत. बटणावर मात्र सरळ ‘टेस्ट नाणी’ लिहा आणि खाली बारीक अक्षरात ‘यांना बाजारभाव नाही’. चाचणी-नाणी वाचून कोणाला काही कळणार नाही.

आणि टेस्टनेट, सिगनेट, रेगटेस्ट या नावांचं भाषांतर करू नका, तिघांचं वागणं वेगळं आहे. टेस्टनेट सार्वजनिक, कोणीही मायनिंग करा. तिथे २० मिनिटं ब्लॉक सापडला नाही तर पुढचा अगदी सोपा करून मिळतो, या सवलतीमुळे कधी कधी ब्लॉकचा पूर येतो आणि टेस्टनेट३ ची साखळी २५ लाख ब्लॉकच्या पुढे गेली, ५० पासून सुरू झालेलं बक्षीस अर्धं अर्धं होत ०.०३ च्याही खाली आलं, टेस्टिंगला नाणी मिळेनात. म्हणून २०२४ मध्ये टेस्टनेट४. सिगनेटवर ब्लॉकवर ठरलेल्या लोकांची सही लागते त्यामुळे तिथे शांत असतं. आणि रेगटेस्ट म्हणजे आपल्याच मशीनवरचं खाजगी जाळं, हवा तेव्हा ब्लॉक काढा.

प्रश्नकर्ता:
रेगटेस्टवरूनच अजून एक शंका. वॉलेटमध्ये ‘इमॅच्युअर’ शिल्लक वेगळी दाखवतात, तिथे ‘अपरिपक्व’ लिहिलंय पण वाचताना ते कैरीबद्दल वाटतं.

प्रतिसाद:
बँकेत आपण काय म्हणतो? एफडीची मुदत भरली. तेच घ्या, ‘मुदत न भरलेली शिल्लक’. अर्थही बरोबर बसतो. रेगटेस्ट चालू करून एक ब्लॉक काढा, ५० नाण्यांचं बक्षीस मिळतं पण खर्चायची शिल्लक शून्यच दिसते कारण मायनिंगच्या बक्षिसावर आणखी १०० ब्लॉक यावे लागतात. म्हणून बऱ्याच टेस्ट स्क्रिप्टमध्ये पहिल्यांदा १०१ ब्लॉक काढलेले दिसतील, १०१ वा आला की बरोबर ५० मोकळे होतात. हा १०१ कुठून आला हे नवीन माणूस हमखास विचारतो, ‘मुदत’ लिहिलं असेल तर विचारावं लागणार नाही.

प्रतिसाद:
‘तपासणी’बद्दल कोणी बोललंच नाही आणि माझ्या मते खरा घोळ तिथेच आहे. तीन वेगळी कामं आहेत हो. कोड चालवून बघणं ती चाचणी, दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून मत देणं ते परीक्षण, आणि प्रत्येक नोड येणारा प्रत्येक ब्लॉक नियमाला लावून बघतो ती पडताळणी. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सापडलेला बग सांगतो. बिटकॉइन कोअर या मुख्य सॉफ्टवेअरच्या ०.१४ आवृत्तीत ब्लॉकची पडताळणी जलद व्हावी म्हणून, एकाच व्यवहारात एकच इनपुट (खर्चायला घेतलेली आधीची रक्कम) दोनदा वापरलंय का हे ब्लॉकसाठी दुसऱ्यांदा बघणं काढून टाकलं, वाटलं की ते दुसरीकडे बघितलं जातंच. परीक्षण झालं होतं, चाचण्या पास होत्या, भोक राहिलं ते पडताळणीत. ०.१४ मध्ये त्याने नोड नुसता बंद पडला असता पण ०.१५ पासून चक्क हवेतून नवीन नाणी काढता आली असती. ०.१६.३ मध्ये बुजवलं, मेननेटवर कोणी फायदा घेतला नाही. आता हेच वाक्य तिन्ही जागी ‘तपासणी’ घालून वाचा, काय चुकलं तेच कळत नाही.

प्रश्नकर्ता:
पटलं, तिन्ही शब्द वेगळे करतो. कोडच्या बदलाला होकार देणारा अ‍ॅक आणि नकार देणारा नॅक, त्यांचं काय करू? योगदान कसं करावं त्या पानावर आहेत.

प्रतिसाद:
अ‍ॅक तसंच ठेवा, ‘मान्य’ करू नका. बिटकॉइन कोअरमध्ये अ‍ॅक देताना नेमका कुठला कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) बघितला तेही लिहितात, नुसती मान हलवणं नाही ते. कन्सेप्ट अ‍ॅकला ‘कल्पना पटली’ चालेल. नॅकला मात्र आपल्याकडे तयार शब्द आहे, हरकत. नगरपालिका हरकती व सूचना मागवते तशीच, कारणासकट द्यायची, कारण नसेल तर तिची दखल घ्यायची गरज नाही.

प्रतिसाद:
एक राहिलं, फॉसेट, म्हणजे टेस्ट नाणी वाटणारी साइट. शोधलंत तर कुठेतरी ‘नळ’ सापडेल, घेऊ नका. टेस्ट नाणी फुकट मिळतात, थोडीच मिळतात आणि काम झालं की उरलेली परत पाठवा अशी विनंती असते, तेव्हा ‘पाणपोई’ करून बघा. नाहीतर फॉसेटच ठेवा, टेस्टिंग करणाऱ्यांच्या तोंडी तेच आहे.