मदत हवी आहे: प्रयोगशाळा थंड ठेवायला पाणी घालवू की वीज?

नमस्कार मंडळी. मी सिव्हिलवाला, एसीतलं जेमतेम कळतं. चुकलो तर सुधारा.

आमच्या ट्रस्टचं सांगोल्याच्या बाजूला शेती-संशोधनाचं संकुल होतंय. प्रयोगशाळा, स्टार्टअपवाल्या पोरांसाठी वर्कशॉप, ऑफिस. ट्रस्टींना सगळं ग्रीन हवंय. सल्लागारांनी पहिल्याच मीटिंगला गुरुग्रामजवळच्या टेरीच्या (ऊर्जा-पर्यावरणावर काम करणारी संस्था) रिट्रीट संकुलाचे फोटो दाखवले. तिथे जमिनीखाली 4 मीटरवर बोगदे आहेत, त्यातून गार होऊन हवा खोल्यांत येते. सगळे खूश. मग मी ट्रायल पिट घेतला. चार फुटांवर मुरूम संपला आणि ब्रेकरची छिन्नी काळ्या पाषाणावर नुसती नाचायला लागली. बोगदे तिथेच मिटले.

ऑफिसचं जाड दगडी भिंती, जाळ्या, उत्तरेचा उजेड यांवर बरंचसं भागेल. अडलंय लॅबपाशी. फ्यूम हूड (रसायनांची वाफ ओढून घेणारी काचेची कपाटं) चालू असले की थंड केलेली हवा सरळ गच्चीवरून बाहेर फेकायची, परत फिरवायची नाही. म्हणजे 42 अंशांची बाहेरची हवा अखंड गार करत बसा. 200 टनांचा चिलर (हवा गार करायला थंड पाणी पुरवणारं यंत्र; टन म्हणजे वजन नव्हे, गार करायची ताकद) लागतोच म्हणतात.

माझं आकडेमोडीचं पान:

वॉटर-कूल्ड, म्हणजे आपली उष्णता पाण्यावाटे बाहेर टाकणारा चिलर घेतला, तर ते पाणी गार करणाऱ्या कूलिंग टॉवरमधून टनामागे तासाला साधारण 6 लिटर पाणी उडतं. पूर्ण लोडवर 8 तास म्हणजे दिवसाला जवळपास 10,000 लिटर. रोज एक टँकर! 300 माणसांना माणशी 45 लिटर धरले तरी 13,500च होतात.

छत 4000 चौरस मीटर, पाऊस साडेपाचशे मिलिमीटर, वीस टक्के वाया गेला तर वर्षाला साडेसतरा लाख लिटर जमतं. माणसांना ते 130 दिवस पुरतं. टॉवर जोडला की 75.

एअर-कूल्डला, म्हणजे पंख्यांनी उष्णता हवेत सोडणाऱ्या चिलरला पाणी नको, पण वॉटर-कूल्डपेक्षा टनामागे तासाला 0.4 युनिट तरी जास्त, म्हणजे दिवसाला 640 युनिट. त्यासाठी 160 किलोवॉटचं सोलर वाढवावं लागेल. छतावर जागा आहे, बजेटमध्ये नाही.

सल्लागार वॉटर-कूल्डवर अडून बसलेत, कारण ग्रीन बिल्डिंगच्या रेटिंगला वीज कमी दिसते. शेजारी लोक डाळिंबाच्या बागा टँकरवर जगवतात. त्यांच्या डोळ्यांदेखत आमचा टॉवर वाफ सोडत बसला, तर गावात तोंड कसं दाखवायचं? कुणी असा निर्णय घेतलाय का?

डक्टवाला: आधी लोड कमी करा, मग चिलर निवडा. फ्यूम हूडला व्हीएव्ही बसवा, म्हणजे काच खाली ओढली की हवा आपोआप कमी खेचली जाते. 200 टन जास्त वाटतात, लेखनिकांच्या टेबलांना लॅबची हवा तर देत नाही ना तुम्ही? आणि टॉवरला ताजं पाणी कशाला? 13,500 लिटर वापरता, त्यातले दहा-अकरा हजार एसटीपीतून (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) परत मिळतील. नीट गाळून, सॉफ्टनर लावून तेच द्या.

मूळ धागालेखक: टेबलांचं खरं आहे हो, नकाशात लॅब आणि बसायची जागा एकाच हॉलमध्ये आहेत. उद्याच वेगळं करायला सांगतो. एसटीपीचं पटलं, पण एक शंका. मे महिन्यात सुट्टीला माणसं गेली की एसटीपी कोरडा, आणि बियाण्यांची कोल्ड रूम मात्र चालूच. तेवढ्यापुरता 30-40 टनांचा एअर-कूल्ड वेगळा ठेवला तर? असं दोन्ही मिळून चालवणारं कुणी आहे का इथे?