मदत हवी आहे : एलडीसी१६१४ च्या इव्हॅल्युएशन बोर्डाला स्वतःची कॉइल लावली की रीडिंग येत नाही (अर्जंट)

ओम_भोसरी :
नमस्कार मंडळी, एका स्लाइडची पोझिशन मोजायचीय म्हणून एलडीसी१६१४ (धातू जवळ आला की कॉइलच्या इंडक्टन्समधला फरक मोजणारी चिप) चा इव्हॅल्युएशन बोर्ड घेतलाय, त्याच्यासोबत आलेल्या कॉइलवर सगळं झकास चालतं, नाणं जवळ नेलं की आकडे हलतात. पण आमच्या फिक्श्चरमध्ये ती कॉइल बसत नाही म्हणून मी स्वतःची डिझाइन करून पीसीबी मारून आणली, आणि ती जोडली की अँप्लिट्यूडचा एरर येतो नि रीडिंग म्हणजे नुसता कचरा. वायरिंग बघितलं, कंटिन्युइटी आहे, सोल्डरिंग पण ठीक आहे. बोर्ड उडाला असेल का? सोमवारी साहेबांना डेमो द्यायचाय, प्लीज लवकर सांगा.

टेस्टबेंच :
बोर्ड उडाला असता तर त्याची स्वतःची कॉइल कशी चालली असती? कॉइल केवढी, वेढे किती, लेयर किती, कपॅसिटर कुठला, वायर किती लांब, टार्गेट (कॉइलसमोरचा धातू) कशाचं, यातलं एक अक्षर लिहिलं नाहीस आणि वर अर्जंट.

ओम_भोसरी :
सॉरी घाईत होतो. गोल कॉइल, २० एमएम, दोन लेयर. कपॅसिटर बोर्डावर होता तसाच लावलाय.

सोल्डरताई :
"होता तसाच" म्हणजे किती पीएफ रे बाबा? आणि कॉइलपाशी लावलास की वायरच्या पलीकडच्या टोकाला बोर्डापाशी? पलीकडे असेल तर वायरसुद्धा तुझ्या कॉइलचाच भाग झाली असं समज, हात लावला की आकडे नाचणार.

रिकामा_वेळ :
ह्या कॉइलच्या भानगडीत पडूच नका. एएस५६०० (मॅग्नेटवर चालणारी अँगल सेन्सर चिप) घ्या, वर छोटा मॅग्नेट बसवा, आय टू सी वर १२ बिट अँगल मिळतो. मी घरी गेटच्या मोटरला लावलाय, मस्त चालतो.

टेस्टबेंच :
रिकामा_वेळ, त्याने पोझिशन म्हटलंय, अँगल कुठे म्हटलंय?

रिकामा_वेळ :
रॅक पिनियन लावला की अँगलच होतो. थोडं डोकं चालवा.

चाकणचा_मामा :
अहो, भोसरीच्या शॉपमध्ये मॅग्नेट लावून बघा एकदा. चार दिवसांत त्याला बारीक लोखंडी कीस चिकटून दाढी फुटते आणि मग रीडिंग कुठल्या कुठे जातं. कूलंट, तेल, कीस असलेल्या ठिकाणी लोक इंडक्टिव्ह घेतात ते काय हौस म्हणून घेतात का. त्यात मॅग्नेटच नसतो, तेलाशी काही देणंघेणं नाही.

ओम_भोसरी :
बरोबर, लेथच्या बाजूलाच आहे म्हणून इंडक्टिव्ह. ३३० पीएफ आहे, कॉइलच्या पॅडवरच लावलाय, ड्रॉवरमध्ये होता तो. वायर ३० सेमी, पीळ मारलेली. स्लाइड ॲक्रिलिकची आहे, तिच्यावर ॲल्युमिनियम फॉइल डकवलीय. आता सांगाल का काय चुकतंय?

कुठल्याशा_गावची :
इथे इंडक्शनची चर्चा दिसली म्हणून विचारते. आमची इंडक्शन शेगडी नवीन पातेलं ठेवलं की नुसती पीप पीप करते आणि बंद होते. जुन्या कढईवर चालते. कॉइल गेली असेल का?

सोल्डरताई :
ताई, पातेल्याच्या बुडाला फ्रिजवरचा मॅग्नेट लावून बघा, चिकटला नाही तर ते पातेलं त्या शेगडीचं नाही. शेगडी ठणठणीत आहे. आणि हा धागा वेगळाय हो.

करंटवाला :
ओम, सोपं आहे. अँप्लिट्यूड कमीचा एरर म्हणजे कॉइलला ड्राइव्ह करंट पुरत नाहीये. आयड्राइव्ह म्हणून सेटिंग आहे, ० ते ३१, तुझ्या बोर्डावर त्यांच्या कॉइलपुरतं ठेवलेलं असणार. ते वाढवत जा, डीएसओ (डिजिटल ऑसिलोस्कोप) असेल तर कॉइलवरचं व्होल्टेज १.२ ते १.८ व्होल्ट पीक येईल असं बघ. मी असंच केलं आणि पहिल्या फटक्यात चाललं. बाकीची चर्चा म्हणजे टाइमपास.

ओम_भोसरी :
करंटवाला भाऊ थँक्यू!! बरंच वाढवल्यावर एरर गेला, रीडिंग स्थिर आहे. पण फॉइल जवळ नेली तरी आकडा जेमतेम हलतो. सोबतच्या कॉइलला तीच फॉइल दाखवली तर कितीतरी जास्त फरक पडत होता. करंट अजून वाढवू का?

टेस्टबेंच :
नको. एरर बंद केलास, कॉइल तशीच आहे. हा चिप मुळात फ्रिक्वेन्सी मोजतो, करंट वाढवून फ्रिक्वेन्सी बदलत नाही. मला दोन गोष्टी सांग : वेढे आणि ट्रॅकची रुंदी, आणि आत्ता सॉफ्टवेअर फ्रिक्वेन्सी किती दाखवतंय ते.

करंटवाला :
माझ्याकडे चाललं होतं एवढंच म्हणतो.

टेस्टबेंच :
तुझी कॉइल बरी असेल म्हणून चाललं. करंट हा शेवटचा इलाज.

ओम_भोसरी :
एका लेयरला १५ वेढे, ट्रॅक ०.१५, गॅप ०.१५. बोर्ड १.६ चा. फ्रिक्वेन्सी ४.५ मेगाहर्ट्झच्या आसपास. माझ्याकडचा तो छोटा कॉम्पोनंट टेस्टर कॉइलला रेझिस्टर म्हणतो, ५ ओहम. म्हणजे कॉइल शॉर्ट आहे का?

सोल्डरताई :
शॉर्ट नाही. ते टेस्टर एवढा लहान इंडक्टन्स ओळखतच नाहीत, सरळ रेझिस्टर दाखवून मोकळे. ५ ओहम बरोबरच वाटतंय, दीड मीटरच्या आसपास पातळ तांबं आहे ते. पुण्यात आहेस तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला जा, एलसीआर मीटर (इंडक्टन्स मोजायचा) भाड्याने नाही मिळाला तरी एखाद्या दुकानात मोजून देतील.

चाकणचा_मामा :
रविवारी जाऊ नका, अर्धी दुकानं बंद.

ग्रँटरोड_रिटर्न :
आमच्या लॅमिंग्टन रोडला जे मिळतं ते पुण्यात मिळत नाही, हे एकदा मान्य करा.

सोल्डरताई :
झालं सुरू.

टेस्टबेंच :
मीटर लागतच नाही, बोर्ड हाच मीटर आहे. ३३० पीएफ आणि ४.५ मेगाहर्ट्झ म्हणजे इंडक्टन्स ३.८ मायक्रोहेन्रीच्या आसपास. आता हिशोब बघ. बाहेरचा व्यास २०, १५ वेढ्यांत प्रत्येकी ०.३ मिमी म्हणजे आतला व्यास ११. अशा एका लेयरचा इंडक्टन्स ४.७ च्या जवळ येतो. दोन लेयर सिरीजमध्ये, नुसती बेरीज केली तरी ९.४, आणि १.६ मिमी अंतरावर दोन्हींचं एकमेकांशी चांगलं कपलिंग असतं ते धरलं की १५ च्या घरात जायला हवं, फ्रिक्वेन्सी २.२ ते २.३ मेगाहर्ट्झ. तुझ्याकडे दोन लेयर मिळून एका लेयरपेक्षा कमी येतंय. हे कसं शक्य आहे ते विचार कर.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंटवाले :
एलव्हीडीटी नावाची पोझिशन मोजायची गोष्ट आजकालच्या मुलांना शिकवतात की नाही कोण जाणे. मध्ये प्रायमरी, दोन्ही बाजूंना सेकंडरी, मधून लोखंडी गाभा सरकतो. आमच्या प्लांटवर वर्षानुवर्षं तेच वापरले, उष्णता असो वाफ असो, तक्रार नाही. दोन सेकंडरी मुद्दाम एकमेकींच्या उलट जोडतात, गाभा बरोबर मध्ये असला की दोन्हींचं व्होल्टेज एकमेकांना खाऊन शून्य होतं. त्या सगळ्यापुढे तुमचे हे पीसीबीचे चक्र म्हणजे खेळणी.

टेस्टबेंच :
काका, खेळणी म्हणा पण उत्तर तुम्हीच दिलंत. ओम, तुझे दोन लेयर एकमेकांना खातायत. खालचा स्पायरल कसा काढलास?

ओम_भोसरी :
वरचा कॉपी केला, लेयर बदलून बॉटम केला, मध्ये व्हाया (दोन लेयर जोडणारं भोक) टाकला. बॉटम लेयर खालून बघायचा असतो ना, मग तो आपोआप मिररच झाला की.

करंटवाला :
बरोबर आहे त्याचं, बॉटम खालून मिररच दिसतो. टेस्टबेंच उगाच घाबरवतोय.

टेस्टबेंच :
खालून कोण बघतंय हा प्रश्न नाही, करंट कुठल्या दिशेने फिरतो हा प्रश्न आहे. वरून बघ. वरचा स्पायरल बाहेरून आत घड्याळाच्या दिशेने येतोय असं धर. व्हायातून खाली उतरला, आता तोच आकार आतून बाहेर जाणार, म्हणजे घड्याळाच्या उलट. दोन्ही लेयरमधून करंट उलटा, चुंबकक्षेत्र एकमेकांना पुसतंय. खालचा आकार वरून पाहिल्यावर आरशातला हवा, तेव्हा बाहेर जातानाही फेरा त्याच दिशेने पडतो. किकॅड या पीसीबीच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसता लेयर बदललास तर आकार तसाच राहतो, फ्लिप केलास तर मिरर होतो.

सोल्डरताई :
वाद घालू नका, पीसीबीखाली मोबाइलचा टॉर्च धर. खालचे ट्रॅक वरच्यांच्या बरोब्बर मागे लपले आणि मधून स्पायरलची स्वच्छ रेघ दिसली तर दोन्ही सारखे, म्हणजे टेस्टबेंच म्हणतोय तसं. ट्रॅक एकमेकांना छेदताना दिसले तर बरोबर आहे.

ओम_भोसरी :
टॉर्च मारला. स्वच्छ रेघ दिसते.

टेस्टबेंच :
अजून खात्री हवी असेल तर मधल्या व्हायावरचा मास्क ब्लेडने खरवड, तिथे वायर डकव आणि फक्त वरचा लेयर बोर्डाला जोड. फ्रिक्वेन्सी ४ च्या आसपास येईल. म्हणजे दुसरा लेयर काढल्यावर फ्रिक्वेन्सी कमी झाली, इंडक्टन्स वाढला.

ओम_भोसरी :
४.१ आली. पण आता काय करू, नवीन पीसीबी सोमवारपर्यंत येत नाही. सॉफ्टवेअरने सांगायला नको का असं असलं तर.

करंटवाला :
एकाच लेयरवर डेमो दे आणि करंट वाढव.

सोल्डरताई :
याचं करंट काही सुटत नाही. ओम, एक जुगाड आहे. सिरीज सोड, पॅरलल कर. दोन्ही लेयरची बाहेरची टोकं एकत्र जोड, ते एक टर्मिनल. मधला व्हाया दुसरं टर्मिनल. आता करंट दोन्ही लेयरमधून बाहेरून आतच येणार, आणि आकार सारखेच असल्यामुळे फेराही एकाच दिशेने. तुझी चुकीची पीसीबी या जोडणीला बरोबर आहे. फक्त व्हायाची वायर कॉइलवरून सरळ बाहेर ने, वेटोळं घालू नकोस.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंटवाले :
शाब्बास. हा विचार चांगला आहे.

ओम_भोसरी :
केलं. पण फ्रिक्वेन्सी परत ४.५ च्या आसपासच आहे, पहिल्यासारखीच! आणि आता अँप्लिट्यूड जास्तचा एरर.

टेस्टबेंच :
जास्तचा एरर म्हणजे आनंदाची बातमी, आयड्राइव्ह खाली आण. इंडक्टन्स जवळपास तेवढाच आलाय हा या मापांचा योगायोग आहे, पण रेझिस्टन्स पाव झाला, त्यामुळे लॉस कमी, कॉइल कमी करंटमध्ये जोरात झुलते. आणि क्षेत्र आता बाहेर पडतंय, आधी दोन्ही लेयरमध्येच जिरत होतं. ४.५ मेगाहर्ट्झ चालतं, या चिपची मर्यादा १० आहे, आणि बोर्डावरच्या ४० मेगाहर्ट्झ क्लॉकच्या पाव पटीच्या आत आहेस.

ओम_भोसरी :
आयड्राइव्ह कमी केला. चालतंय!! फॉइल आणली की आकडा मस्त पळतो. पण थोडा थरथरतो आणि हीट गन मारली की हळूहळू सरकतो.

सोल्डरताई :
ड्रॉवरमधला कपॅसिटर फेक. एक्स७आर जातीचा असणार, गरम झाला की व्हॅल्यू बदलते. एनपीओ घे, याला सीओजी पण म्हणतात. तांब्याचा रेझिस्टन्सही तापमानाने बदलतो, थोडं सरकणं राहीलच.

चाकणचा_मामा :
आणि ती स्वयंपाकघरातली फॉइल काढा हो. दहा-पंधरा मायक्रॉनची असते. तुमच्या फ्रिक्वेन्सीला ॲल्युमिनियमचा स्किन डेप्थ (करंट पत्र्यात जेवढा खोल शिरतो ते) ४० मायक्रॉनच्या आसपास येतो, एवढ्या पातळ पत्र्यात करंट नीट फिरत नाही, नुसता लॉस वाढवतो. वर सुरकुत्या. अर्धा-एक मिमी ॲल्युमिनियमची पट्टी कापून लावा, स्टेनलेस नको, त्याची कंडक्टिव्हिटी कमी. आणि कॉइलपासून किती लांब ठेवलीय?

ओम_भोसरी :
१२ एमएम.

चाकणचा_मामा :
२० च्या कॉइलला १२ म्हणजे फारच. ३-४ वर आणा. कॉइलच्या मागे लोखंडी ब्रॅकेट तर नाही ना?

ओम_भोसरी :
नाही, डेलरिन प्लॅस्टिक आहे. पट्टी एक एमएमची लावली, गॅप ३, खूप फरक पडला. आता स्लाइड सरकवली की रीडिंग मधे सरळ जातं आणि दोन्ही टोकांना वाकतं. हे कसं सरळ करायचं?

निवृत्त_इन्स्ट्रुमेंटवाले :
एलव्हीडीटी घेतला असतात तर...

टेस्टबेंच :
चौकोनी पट्टी कॉइलवरून सरकवलीस की असंच होणार. पट्टी लांब त्रिकोणी काप, सरकेल तसतसा कॉइलवर येणारा पत्रा वाढत जाईल. तरी टोकाला थोडं वाकेल, तिथे सॉफ्टवेअरमध्ये टेबल टाक. आणि पुढच्या पीसीबीला खालचा लेयर फ्लिप कर, कॉइलभोवती ग्राउंड ओतू नकोस.

ओम_भोसरी :
त्रिकोणी पट्टी उद्या लेथवाल्याकडून कापून घेतो. थँक्यू सगळ्यांना, सोल्डरताई तुम्हाला स्पेशल.

रिकामा_वेळ :
एएस५६०० ने हे दुपारी झालं असतं.

कुठल्याशा_गावची :
मॅग्नेट चिकटला नाही. पातेलं दुकानात परत घेतील का?