मदत हवी आहे: सोलापूरहून एक दिवसाची सहल गाडी. पूर्ण गाडी घ्यावी की दोन डबे जोडावेत?

नमस्कार मंडळी,

सोलापुरातल्या रेल्वे प्रवाशांचा आमचा छोटा गट आहे. एरवी आमचं काम म्हणजे थांबे मागणं, वेळापत्रक बदललं की निवेदन देणं आणि डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिसात चकरा मारणं. यंदा मंडळींनी वेगळंच मनावर घेतलंय: आपली एक गाडी काढायची. सकाळी सोलापूर, मग कुर्डूवाडी, बार्शी, येडशी, धाराशिव, लातूर आणि रात्री परत. थोडक्यात, जुन्या बार्शी लाइटच्या वाटेनं, जमेल तेवढं. 'जमेल तेवढं' अशासाठी की ब्रॉडगेज करताना मार्ग धाराशिवकडे वळवला, त्यामुळे जुना रस्ता सगळा तसाच राहिलेला नाही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. बार्शी लाइट म्हणजे अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी. १८९७ साली ती बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डूवाडी, इथून बार्शीपर्यंत सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज गाठलं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची ती करामत. इंजिन असो की मालडबा, एका आसावर साधारण पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, या हिशोबानं त्यानं सगळी गाडी बेतली, म्हणून हलक्या रुळांवरूनही भरपूर माल निघायचा. १९५४ मध्ये सरकारनं ती लंडनच्या कंपनीकडून विकत घेतली. आमच्या गटातले ज्येष्ठ या गाडीनं पंढरपूरला गेलेले आहेत. त्यांना नातवंडांना ती वाट दाखवायची आहे, सहलीचं मूळ तेच.

आता अडचण. पूर्ण गाडी आरक्षित करायची तर ती आयआरसीटीसीच्या एफटीआर योजनेतून, म्हणजे पूर्ण दरानं. नियम असा दिसतो की गाडी किमान १८ डब्यांची, त्यात दोन एसएलआर (गार्ड आणि सामानाचे डबे), आणि जास्तीत जास्त २४ डब्यांची. अनामत दर डब्याला ५०,००० रुपये. १८ डब्यांचे झाले ९ लाख. कमी डबे हवे असले तरी अनामत १८ डब्यांचीच. अर्ज निघायच्या किमान ३० दिवस आधी आणि फार तर सहा महिने आधी. शिवाय आसन रिकामं राहिलं तरी पैसे भरलेलेच, मुलांना किंवा ज्येष्ठांना सवलत नाही. भाड्यावर सेवाशुल्क आहे, आणि रेक (म्हणजे डब्यांचा अख्खा संच) दुसरीकडून रिकामा आणावा लागला तर त्या फेरीचाही आकार आपल्याच माथी.

दोन एसएलआर वगळले तर १६ डबे उरतात. साध्या स्लीपरचे ७२ बर्थ धरले तर ११५२ माणसं हवीत. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'येणार येणार' म्हणून अंगठे भरपूर उठतात, पण पैसे भरायच्या दिवशी किती उरतात ते तुम्हाला सांगायला नको.

भारत गौरव योजनाही पाहिली. ती २०२१ पासूनची. त्यात ऑपरेटर म्हणून नोंदणी करून अख्खा रेक काही वर्षांसाठी घ्यायचा असतो. एका दिवसाच्या सहलीसाठी ते म्हणजे चहासाठी म्हैस विकत घेणं झालं.

दुसरा पर्याय, नेहमीच्या गाडीला एक किंवा दोन डबे जोडणं. एका गाडीला एफटीआरचे दोनच डबे मिळतात, आणि जिथे गाडी किमान १० मिनिटं थांबते तिथेच ते जोडता-काढता येतात. इथे गटात फूट पडलीय. निम्म्यांना स्वतःचीच गाडी हवी, पुढे फुलांचा हार घातलेली. माझं मत दोन डब्यांच्या बाजूनं आहे, पण लातूरच्या मार्गावर आमच्या वेळेत बसेल अशी गाडी सापडत नाही.

कुणी अशी गाडी किंवा डबा घेतला असेल तर सांगा: रेक सोलापुरातच मिळाला की बाहेरून आला? १८ डबे बार्शी टाऊनला पूर्ण फलाटावर बसतील का? आणि अनामत परत यायला किती महिने गेले? आधी ज्या एजंटाकडे विचारलं त्यानं सगळं तोंडी सांगितलं, कागदावर एक ओळ दिली नाही, म्हणून इथे विचारतोय.

---

कुर्डूवाडीकर:
मालक, तारीख आधी ठरवा, गाडी नंतर. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या जादा गाड्यांना रेक लागतात, तेव्हा तुम्हाला काही मिळणार नाही. दिवाळीत सगळीकडे स्पेशल. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, तेव्हा तुमचीच माणसं गाव सोडणार नाहीत. कार्तिकी उरकली की डिसेंबरचा मध्य बघा. आणि खास गाडी म्हणजे मागे राहायची गाडी, हे लोकांना आधीच सांगा. मोहोळच्या लूपला (बाजूच्या रुळावर) उभी केली की वंदे भारत जाईल, मग मालगाडी जाईल, मग तुमचा नंबर. वेळापत्रकात दोन तास सैल ठेवा, लातुरातला कार्यक्रम घट्ट बांधू नका.

खिडकीची जागा:
लातूरचा हट्ट सोडला तर? कलबुर्गी–कोल्हापूर एक्स्प्रेस सोलापूर, कुर्डूवाडी, पंढरपूर, मिरज अशीच जाते. हीसुद्धा बार्शी लाइटचीच वाट, उलट बाजूची. डबा जोडायची भानगडही नको. मोठ्या गटाचं आरक्षण हवं म्हणून वाणिज्य विभागाकडे अर्ज करा, यादी जोडा, शंभरएक माणसांचं जमायला हरकत नाही. पंढरपूरला उतरा, दर्शन घ्या, जेवा, संध्याकाळी परत. येडशीकडचा घाट दिसणार नाही, पण ९ लाख अडकणार नाहीत.

निवृत्त गार्ड:
दोन गोष्टी. एक, जेवण. गाडीत शिजवू नका, सिलेंडर-शेगडी तर अजिबात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला उभ्या असलेल्या खासगी पर्यटकांच्या डब्यात सिलेंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले. तोही असाच पार्टीनं घेतलेला डबा होता. तुम्ही सोलापूरकर आहात, कडक भाकरी, शेंगा चटणी, धपाटे बांधून घ्या, दोन दिवस काही होत नाही.

दुसरी, पैसे. गोळा कराल ते गटाच्या नावे खात्यात, पावतीसह, आणि खर्चापेक्षा एक रुपया जास्त नको. परवान्याशिवाय तिकिटांचा धंदा केला तर रेल्वे कायद्याचं कलम १४३ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. एखादा हुशार सदस्य 'थोडं वर घेऊन ग्रुपला निधी करू' म्हणेलच, त्याला तिथेच थांबवा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. निवृत्त गार्ड काका, तुमचा प्रतिसाद तसाच ग्रुपवर टाकला, 'निधी करू'वाले गप्प झाले. :)

काल बसून ठरवलं. पूर्ण गाडी बाद. हारवाले नाराज आहेत, पण ११५२चा आकडा फळ्यावर लिहिल्यावर कोणी वाद घातला नाही. खिडकीची जागा यांचा पंढरपूरचा मार्ग बहुतेकांना पटला. ज्येष्ठांना तर तोच हवा होता असं आता कळतंय, लातूरचं खूळ आम्हा तरुणांचं होतं. अर्ज तयार करतोय, डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातला शनिवार धरून.

एकच विचारायचं राहिलं. कुर्डूवाडीला गाडीचा थांबा मोजका आहे, पण नॅरोगेजच्या काळातलं जे काही स्टेशनच्या आसपास शिल्लक असेल ते मुलांना खिडकीतून तरी दाखवायचंय. कुर्डूवाडीकर, जाताना कोणत्या बाजूला बसवू? आरक्षण करतानाच जागा तशा मागता आल्या तर बघतो.