पीएसक्यूएलला सीएसव्ही फाइल कशी द्यावी? ‘फाइल उघडता येत नाही’ ही त्रुटी

प्रश्न
नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या दाखल नोंदवहीतील सुमारे १२ हजार पुस्तकांच्या नोंदी मी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये उतरवल्या असून त्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरायच्या आहेत. डेटाबेस कार्यालयातील दुसऱ्या संगणकावर आहे. पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसला आज्ञा देण्याच्या टर्मिनलवरील प्रोग्राममध्ये, कॉपी ही आज्ञा दिली की फाइल उघडता आली नाही अशी त्रुटी येते. वास्तविक त्याच टर्मिनलवर एलएस (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) केले असता फाइल समोर दिसते. पूर्ण पाथ देऊनही फरक पडला नाही. शिवाय तक्ते तयार करणारी एसक्यूएल फाइल ‘<’ चिन्हाने दिल्यास मधली एखादी आज्ञा फसली तरी पुढच्या चालतच राहतात आणि काम अर्धवट उरते. योग्य पद्धत कोणती?

उत्तर १
आपली फाइल आपल्या संगणकावर आहे, पण कॉपी ही आज्ञा सर्व्हरची, म्हणजे डेटाबेस असलेल्या दुसऱ्या संगणकाची, असल्याने तो ती फाइल स्वतःच्या डिस्कवर शोधतो. परवानग्या कितीही सैल केल्या तरी तिथे ती सापडणार नाही. आज्ञेच्या आधी बॅकस्लॅश लावा. बॅकस्लॅश-कॉपी ही पीएसक्यूएलची स्वतःची आज्ञा असून ती आपल्या संगणकावरील फाइल आपल्याच परवानगीने वाचून मजकूर सर्व्हरकडे पाठवते. मात्र ती संपूर्ण आज्ञा एकाच ओळीत लिहावी लागते आणि तिच्यात पीएसक्यूएलच्या चलांच्या (व्हेरिएबल) जागी त्यांच्या किमती भरून मिळत नाहीत. या दोन अटींपायी माझी एक संध्याकाळ गेली होती, म्हणून आवर्जून सांगतो.

उत्तर २
एसक्यूएल फाइल ‘<’ ऐवजी ‘डॅश एफ’ या पर्यायाने द्यावी, म्हणजे त्रुटीसोबत फाइलचे नाव आणि ओळ क्रमांक मिळतो. ‘ऑन एरर स्टॉप’ या चलाची किंमत १ ठेवल्यास पहिल्याच चुकीला काम थांबते, आणि सोबत ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय दिल्यास तोवर झालेले बदलही मागे घेतले जातात. दोन्ही एकत्र वापरावेत, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. बॅकस्लॅश लावताच फाइल वाचली गेली, पण पहिल्याच ओळीवर ‘दाखल क्रमांक’ हा मजकूर पूर्णांक नाही, अशी त्रुटी आली. शीर्षकाची ओळ काढून पुन्हा भरल्यावर सर्व नोंदी आल्या, परंतु ००४१७ हा क्रमांक आता ४१७ असा दिसतो.

उत्तर १
शीर्षकाची ओळ हाताने काढण्याची गरज नव्हती. सीएसव्हीसोबत ‘हेडर’ हा पर्याय दिला की ती वगळली जाते. दाखल क्रमांकाचा स्तंभ आपण पूर्णांक ठेवला आहे, तो टेक्स्ट प्रकारचा करावा, कारण त्या क्रमांकाची बेरीज कोणी करणार नाही आणि पुस्तकाच्या शिक्क्यावर तो शून्यांसहच असतो. नंतर तक्ता रिकामा करून पुन्हा भरावा. तत्पूर्वी सीएसव्ही फाइल स्प्रेडशीटमध्ये नव्हे, तर साध्या मजकूर संपादकात उघडून शून्ये तिथे शाबूत आहेत ना, हे पाहावे. फाइल जतन करतानाच ती गळाली असतील, तर डेटाबेसमध्ये काहीही केले तरी ती परत येणार नाहीत.